हयातीचा दाखला

फाटकावरचा सुरक्षारक्षक मला बघून खुर्चीतून उठला आणि उभाच राहिला. दीड वर्ष मी रोज त्याच्या समोरून जात-येत होते. कुलगुरूंची गाडी सोडली तर तो कुणासाठी उठलेला मी कधी पाहिला नव्हता. मी हसले. तो हसला नाही. त्याच्या हातातला चहाचा कागदी कप चेपत गेला, चहा बोटांवरून खाली ओघळला, तरी त्याची नजर माझ्यावरून हलली नाही.

"बरं हाय न्हवं मामा?" मी विचारलं.

त्यानं मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

चार महिन्यांनी मी विद्यापीठात परत येत होते. आजारपणात अंगावरचं सगळं मांस उतरलं होतं, पंजाबी ड्रेस खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. म्हणून बघत असतील लोक, असं मी स्वतःला समजावलं. फाटकापासून आमच्या वनस्पतीशास्त्र विभागापर्यंत दहा मिनिटांचा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना झाडं. समोरून एम.एस्सी. भाग एकच्या दोन मुली येत होत्या. एकीनं दुसरीचा हात धरला. दोघी रस्ता सोडून खाली गवतात उतरल्या आणि मी जाईपर्यंत माना खाली घालून उभ्या राहिल्या. अंत्ययात्रा जाताना लोक बाजूला होऊन थांबतात, तशा. मी मागं वळून बघितलं. माझ्या मागं कुणी नव्हतं.

विभागाच्या व्हरांड्यात काचेचा सूचनाफलक आहे. सेमिनारचं वेळापत्रक आणि शिष्यवृत्तीची सूचना यांच्या मधोमध माझा फोटो होता. ओळखपत्रावरचाच, मोठा केलेला. त्याला घातलेला झेंडूचा हार वाळून काळपट झाला होता आणि पाकळ्या काचेच्या आत, तळाशी साचल्या होत्या. खाली टाईप केलं होतं, की आमच्या विभागाची एम.एस्सी. भाग दोनची विद्यार्थिनी हिचं अल्पशा आजारानं दुःखद निधन झालं असून शोकसभेस सर्वांनी उपस्थित राहावं. माझ्या आडनावातली वेलांटी चुकली होती. खोटं वाटेल, पण मला पहिल्यांदा राग आला तो त्या वेलांटीचा. मग काचेत माझंच प्रतिबिंब दिसलं, फोटोतल्या चेहऱ्यावर बरोबर येऊन बसलेलं. फोटोतली मुलगी माझ्यापेक्षा कितीतरी धडधाकट होती.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी जन्मले तेव्हाच एचआयव्ही माझ्या रक्तात होता. आईवडील हुपरीत चांदीचं काम करायचे. वडील भट्टीपाशी बसायचे आणि आई पैंजणांना घुंगरं जोडायची. वडील आधी गेले, दोन वर्षांनी आई गेली. मी तेव्हा पाच वर्षांची होते. मावशीनं मला कोडोलीला आणलं आणि आपल्या दोन मुलांत तिसरी म्हणून वाढवलं. सहाव्या वर्षापासून मी गोळ्या घेते. दर महिन्याला मावशी मला एसटीनं कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात न्यायची. शेजाऱ्यांनी विचारलं तर सांगायची, "दमा हाय पोरीला." रविवारी विहारात वंदनेला गेलो की ती मला सगळ्यांच्या पुढं बसवायची, मुद्दाम. पण रोगाचं नाव मात्र घरात कधी उच्चारलं गेलं नाही. आम्ही त्याला 'ते' म्हणायचो.

गोळ्या वेळेवर घेतल्या तर माणूस चारचौघांसारखं जगतं. मी शाळेत धावण्याच्या शर्यतीत असायचे. अडचण सुरू झाली वसतिगृहात. एका खोलीत आम्ही दोघी. गोळ्यांची बाटली वाजू नये म्हणून मी तिच्यात कापूस कोंबायची. कपाटात वर्तमानपत्राखाली ती दडवलेली असायची. संध्याकाळी मेसवरून आलं की मी गोळी मुठीत घेऊन न्हाणीघरात जायची आणि नळाच्या पाण्यानं गिळायची. एकदा बाहेरून कुणीतरी दार बडवलं, मी दचकले आणि गोळी मोरीत गेली. दुसऱ्या दिवशी मी गेलेच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. काहीच झालं नाही. अंग उलट हलकं वाटत होतं, निदान मला तसं वाटलं. आठ महिने मी गोळीशिवाय काढले आणि मावशीला दर आठवड्याला फोनवर सांगत राहिले, "व्हय, घेते की."

मग ताप आला, खोकला आला. मी उशीत तोंड खुपसून खोकायची, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. गणपती झाल्यावर एक दिवस मावशी येऊन मला घेऊन गेली. क्षयरोग निघाला. दोन्ही उपचार सुरू झाले. मावशीनं माझा फोन ट्रंकेत टाकला. म्हणाली, आधी बरी हो, मग जगाशी बोल. मला त्या दिवसांत हात उचलून केससुद्धा बांधता येत नव्हते, फोनची आठवण कुणाला येणार? चार महिन्यांनी तो हातात आला तेव्हा नंबरच बंद पडला होता.

एवढं सगळं होऊन मी बरी झाले होते, आणि फलकासमोर उभी होते.

विभागप्रमुख सर बाहेर आले. भला माणूस. वर्गात पानांच्या शिरा दाखवताना त्यांचा आवाज हळवा व्हायचा. मला बघून त्यांनी हात पुढं केला, तो अर्ध्यावर थांबला आणि परत खिशात गेला.

"तू?" ते म्हणाले. फलकाकडं बघून पुन्हा म्हणाले, "तू."

"मी आले सर."

"आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो होतो," ते म्हणाले. त्यात तक्रार होती, जणू मी त्यांना फसवलं होतं. मग सावरून त्यांनी मला आत बसवलं, पाणी मागवलं. त्यांचं पाणी स्टीलच्या पेल्यात आलं, माझं कागदी कपात. शिपायानं कप टेबलाच्या कडेला ठेवला आणि हात पँटला पुसत बाहेर गेला.

"कुणी सांगितलं तुम्हाला, मी गेले म्हणून?"

"तुझ्या रूममेटनं. फार रडली ती. सभेत तीच बोलली तुझ्याबद्दल." मग त्यांनी आवाज उतरवला. "नंतर तुझ्या कपाटात काही औषधं सापडली म्हणे. मुलींनी मोबाईलवर नाव शोधलं. मी त्यात पडलो नाही. पण तू इतक्यात वसतिगृहावर जाऊ नकोस. मुली घाबरतील."

मी गेले. माझं सामान तिथं होतं, दुसरं जाणार कुठं?

वसतिगृहाच्या सेविकेनं किल्ली माझ्या हातात दिली नाही. टेबलावर ठेवून माझ्याकडं सरकवली. "त्या खोलीत आता कोण ऱ्हात न्हाय," ती म्हणाली. "तुझी मैत्रीण बी वरच्या मजल्यावर गेली. दुपारचं तीन वाजलं की आतनं खोकल्याचा आवाज येतोय म्हणत्यात पोरी."

"तुम्ही ऐकलाय?"

"ऐकलाय की," ती माझ्या पायांकडं बघत म्हणाली.

खोलीत फिनेलचा आणि कडुलिंबाचा पाला जाळल्याचा वास होता. माझी लोखंडी कॉट भिंतीला उभी करून ठेवली होती. आणि ती भिंत! सगळी खोली जुन्या पिवळट रंगाची होती तशीच होती, फक्त माझ्या कॉटच्या बाजूची भिंत चुन्यानं पांढरी केलेली होती. तीही पूर्ण नाही. बसलेल्या माणसाचा हात पोहोचेल तेवढ्याच उंचीपर्यंत. त्या पांढऱ्या पट्ट्याकडं बघताना मला तिथं कुणीतरी बसलंय असं वाटत राहिलं. कोपऱ्यात माझी बादली होती, तिच्यावर तांबड्या ऑइलपेंटनं फुली मारलेली. कपाट रिकामं होतं. वरच्या कप्प्यात कापसाचा एक बोळा तेवढा राहिला होता.

मी फरशीवर बसले. रडू येत नव्हतं. बाहेर कॉरिडॉरमध्ये एक दार लागलं, पावलं लांब गेली, आणि मग खोकला ऐकू आला.

मी पटकन तोंडावर हात दाबला. माझा नव्हता. पुन्हा आला, दोनदा, बारीक, कोरडा, उशीत दाबल्यासारखा. उभ्या कॉटच्या बाजूनं. मी शास्त्राची विद्यार्थिनी आहे. पाण्याचा पाईप, पलीकडची खोली, कबुतर, सगळं मी नंतर तपासून बघितलं. पलीकडं जिना आहे. पाईप त्या भिंतीतून जात नाही. त्या वेळी मात्र मी उठले आणि दार उघडंच टाकून चालू लागले. खोकला माझ्या ओळखीचा होता, तेवढं मला कळलं होतं. पुन्हा तो मी कधी ऐकला नाही.

विद्यार्थी विभागाच्या खिडकीवरच्या कारकुनानं माझा नंबर टाकला, पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा पडद्याकडं बघितलं.

"सिस्टिममध्ये तुमी मयत दाखवालंय," तो म्हणाला.

"पण मी समोर उभी आहे."

"ते मला दिसतंय ओ. त्याला दिसत न्हाय." त्यानं संगणकाच्या डोक्यावर टिचकी मारली. "विभागाचं पत्र आलतं, त्यावरनं बंद केलंय. आता उघडायचं म्हणजे कागद लागतोय. हयातीचा दाखला आणा. पेन्शनवाले आणत्यात, तसला."

"कुठं मिळतो?"

त्यानं थोडा विचार केला. "आरोग्य केंद्रात जावा. तिथल्या डॉक्टरीणबाई देतील. कडक हायती, पण देतील."

आरोग्य केंद्र आवाराच्या एका टोकाला आहे, बैठी इमारत, समोर जास्वंदीची झुडपं. दीड वर्षात मी तिथं कधी पाऊल टाकलं नव्हतं. मुली तिथं जायच्या त्या पोटदुखीला आणि परीक्षेच्या आधीच्या चक्करला. डॉक्टरबाई निवृत्तीला आलेल्या, आवाज मोठा. मी सगळं सांगितलं. म्हणजे शोकसभेपासून सगळं, 'ते' सोडून. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझं मनगट धरून नाडी बघितली. त्या दिवशी मला हात लावणारं ते पहिलं माणूस. पकड घट्ट होती. नाडी मोजून झाली तरी त्यांनी हात लगेच सोडला नाही.

मग त्यांनी आपल्या लेटरहेडवर लिहिलं, "सदर विद्यार्थिनी हयात असून आज माझ्यासमोर उभी आहे. नाडी व श्वास नियमित. तिच्या निधनाची नोंद तात्काळ रद्द करावी." खाली सही, शिक्का.

"आता सांग," कागद न देता त्या म्हणाल्या. "क्षयाचं कार्ड तुझ्या पर्समधून डोकावतंय. ते एकटंच आहे, का आणखी काही आहे? सांगायचं नसेल तर सांगू नकोस. दाखला तुला मिळणारच."

मी पहिल्यांदाच त्या रोगाचं नाव माझ्या तोंडानं उच्चारलं. आवाज कुठूनतरी लांबून आल्यासारखा वाटला.

त्यांनी कसं झालं, कुणाकडून झालं, काही विचारलं नाही. "गोळ्या कधी बंद केल्या होत्यास? का?" एवढंच विचारलं. बाटलीतल्या कापसाचं ऐकल्यावर त्या उठल्या आणि दाराची कडी लावून आल्या.

"नीट ऐक. यासाठी कायदा आहे. तुला एचआयव्ही आहे म्हणून तुला वर्गातून, वसतिगृहातून कुणी काढू शकत नाही. तुझ्या संमतीशिवाय कुणी कुणाला सांगू शकत नाही. कपाट उघडून औषधांची नावं शोधत बसायचा तर मुळीच हक्क नाही कुणाला. आणि प्रत्येक मोठ्या संस्थेनं यासाठी एक तक्रार अधिकारी नेमायचा असतो. आपल्याकडं तो नेमलेला आहे. मीच आहे ती. आजवर माझ्याकडं एकही तक्रार आली नाही. म्हणजे हजारो पोरं आणि एवढे कर्मचारी, यांत कुणालाच काही नाही, असं समजायचं का मी?"

मागच्या खोलीत भिंतीला एक लोखंडी कपाट होतं, बँकेच्या लॉकरसारख्या छोट्या छोट्या कप्प्यांचं. त्यांनी एक कप्पा उघडून मला किल्ली दिली. "गोळ्या इथं ठेव. सकाळी वर्गाला जाताना ये, पाण्याचा माठ तिथं आहे, घे आणि जा. गोळीची वेळ सकाळची करून घेता येईल, मी तुझ्या दवाखान्यात बोलते, तू हो म्हणालीस तर."

मी हो म्हणाले.

पुढच्या पंधरा दिवसांत त्यांनी जे केलं, ते मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. माझी चार महिन्यांची गैरहजेरी वैद्यकीय रजेत धरली गेली. राहिलेली प्रात्यक्षिकं मला वेगळ्या बॅचबरोबर करू दिली. दवाखान्यात जायच्या दिवशी हजेरी बुडणार नाही, असं पत्र विभागाला गेलं. त्यात कारण लिहिलेलं नव्हतं, फक्त 'नियमित उपचार'. सूचनाफलकावरचा फोटो उतरला. मला नावानिशी तक्रार करायची आहे का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी नाही म्हणाले. तेव्हा त्यांनी माझं नाव न घालता वसतिगृहाला नोटीस काढली.

रेक्टर मॅडमची सूचना होती, की मला तळमजल्यावरची आजारी मुलींची खोली द्यावी. स्वतंत्र, संडास-बाथरूमसह. मला ती पटलीसुद्धा होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुन्हा भिंत रंगवायचीय का तुम्हाला?" आणि विषय तिथं संपला. मी जुन्याच खोलीत, फरशीवर अंथरूण टाकून राहू लागले.

एका दुपारी त्यांनी मेसच्या हॉलमध्ये सगळ्या मुलींना बोलावलं. माझा उल्लेख केला नाही. विषाणू रक्तातून जातो, ताटातून नाही, खोकल्यातून नाही, हे सगळं त्यांनी मोठ्या आवाजात, लाजलज्जा न ठेवता सांगितलं. नियमित गोळ्या घेणाऱ्याच्या रक्तात तो मोजण्याइतकाही उरत नाही, हेही सांगितलं. शेवटी प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून मागवले. मी शेवटच्या रांगेत बसले होते. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. डॉक्टरबाई एकेक चिठ्ठी उघडून वाचू लागल्या. पहिली चिठ्ठी: "त्या खोलीच्या भिंतीला माझा हात लागला होता, मी काय करू?" दुसरी: "तिच्या बादलीत मी एकदा कपडे भिजवले होते. मी मरेन का?" तिसरी: "मला रोज स्वप्नात ती दिसते आणि माझ्या ताटात जेवते. हे लक्षण आहे का?" एकामागून एक. इतके दिवस मला वाटत होतं की त्यांना माझा तिरस्कार वाटतो. त्या तर माझ्याहून जास्त भ्यालेल्या होत्या. मी हयात असतानाच त्यांच्या झोपेत शिरले होते. डॉक्टरबाईंनी एकही चिठ्ठी सोडली नाही. प्रत्येकीला उत्तर दिलं, स्वप्नवालीलाही. "लक्षण आहे. तुझं मन जागं असल्याचं."

त्या संध्याकाळी माझी रूममेट आली. सीमेकडच्या गावातली मुलगी, घरी निम्मं कानडी. मला ती पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायची, वयानं सारख्या असूनही. दारात उभी राहून तिनं मला बराच वेळ बघितलं. मग आत येऊन दोन बोटं माझ्या दंडावर ठेवली, चुलीवरचं भांडं तापलंय का बघतात तशी.

"अक्का, औषधाचं मी न्हाय सांगितलं कुणाला. ते खोली आवरताना दुसऱ्या पोरींना गावलं."

"आणि मी गेले, ते?"

"फोन केला की तुला. दसऱ्याच्या आधी. तुझ्या मावशीनं उचलला. म्हटल्या, गेली ती. आता परत हितं फोन करू नका." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी आणि काय समजायचं, सांग?"

ती त्याच आठवड्यात आपली गादी घेऊन खाली आली. दोघींनी मिळून कॉट आडवी केली. भिंत मात्र तशीच ठेवली. पुढच्या वर्षी सगळं वसतिगृह रंगवलं तेव्हा तो पांढरा पट्टा गेला.

शनिवारी मी कोडोलीला गेले. मावशी परसात शेंगा फोडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले, दोन मूठ शेंगा फोडल्या आणि मग विचारलं.

तिचा हात थांबला नाही. "गेली म्हणजे घरला गेली, शिकायचं सोडून गेली. असं म्हटलं असंल मी."

"मावशी."

"व्हय, कळलं मला, पोरगी काय समजली ती. पलीकडनं एकदम रडायचाच आवाज आला. मी फोन बंद करून परत ट्रंकेत टाकला." आता तिचा हात थांबला. "पुन्हा करून सांगितलं न्हाय. सांगायला पायजे होतं. न्हाय सांगितलं."

"का?"

तिनं पदरातली टरफलं झटकली. "तुझी आई जित्ती हुती तवा लोकं दारातनं डोकावून जायाची. आत कोण यायचं न्हाय, नुसतं बघून जायाची. पोरंटोरं घेऊन यायाची दाखवायला. ती मेली आणि सगळं थांबलं. त्या दाराकडं कोण फिरकलं न्हाय. मला वाटलं, तू हितं माझ्यापाशी हाईस, तिकडं समदी तुला मेली समजूदेत. कोण बघायला येणार न्हाय. सुटलीस." पुन्हा शेंग उचलत ती म्हणाली, "तू परत जायाचं म्हणालीस, तवा जाऊ नगंस म्हणणार हुते. पण तुला अडवायचं तोंड न्हवतं मला."

माझ्या आईला लोक बघायला येत, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. हुपरीच्या त्या घराचं मला एवढंच आठवतं की दारात कायम उजेड अडलेला असायचा, कुणीतरी उभं असल्यासारखा. ते मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

मावशीवर मला रागावता आलं नाही. दोन दिवस बोलले मात्र नाही.

विद्यापीठात दिवस रुळले. रोज सकाळी नऊला मी आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत जायची. कपाटात आणखी एका कप्प्याला कुलूप होतं. ते कुणाचं, हे डॉक्टरबाई कधी बोलल्या नाहीत. एका सकाळी मी लवकर गेले, तर एक माणूस त्या कप्प्याला किल्ली लावत होता. ग्रंथालयाच्या बांधणी विभागातला. जुन्या पुस्तकांना पुठ्ठे चढवणारा, पन्नाशी उलटलेला, नखांत कायम खळ. आम्ही दोघंही थिजलो. त्यानं कप्पा अर्धा झाकला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा उघडला.

"मी वळखतो तुला," तो म्हणाला. "सरकारी दवाखान्यातल्या रांगंत चार-पाच येळा बघितलंय. तू त्वांडाला स्कार्फ बांधून यायचीस."

"मी तुम्हाला नाही बघितलं कधी."

"माकडटोपी असायची माझी. उन्हाळ्यात बी. तुझ्या मागंच उभा असायचा मी." त्यानं गोळी तोंडात टाकली, माठातलं पाणी प्याला. "सतरा वर्सं झाली. डॉक्टरीणबाई सोडून हितल्या कुणाला ठावं न्हाय. डबा एकटाच खातो. पेला घरनं आणतो. लोक म्हणत्यात, म्हातारा सोवळ्यातला हाय." तो पहिल्यांदा हसला. मग त्याचा चेहरा पुन्हा मिटला. "तुझ्या शोकसभेला आलतो. मागं उभा हुतो. दोन मिनिटं समदी गप उभी ऱ्हायली, तवा मला वाटाय लागलं, ही माझीच सभा हाय. मी फोटोकडं बघितलं न्हाय. म्हटलं, बघितलं आणि त्यात मीच असलो तर?"

त्याच्या कप्प्याचं कुलूप लागेना, म्हणून मी किल्ली फिरवून दिली.

एम.एस्सी. एक सत्र उशिरा, पण झाली. आता मी त्याच विद्यापीठात एका संशोधन प्रकल्पात साहाय्यक आहे. नेमणुकीच्या वेळी कुणी रक्ताची तपासणी मागितली नाही, आणि मागू नये हे मला माहीत होतं. डॉक्टरबाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या तरुण डॉक्टरांनी कपाट तिथंच ठेवलंय. आता पाच कप्प्यांना कुलपं आहेत. बाकीचे तीन कुणाचे, मला माहीत नाही. विभागप्रमुख सरांनी एकदा प्रयोगशाळेत माझ्यासाठी चहा आणवला, तो कपबशीत आला.

दवाखान्याच्या तारखा आम्ही दोघं, मी आणि बांधणीवाला, आता एकच घेतो. त्याच्या दुचाकीवरून जातो. माकडटोपी त्यानं सोडली, पण आत शिरताना अजून एकदा मागं बघतो. मागच्या वेळी आम्ही बाकावर बसलो होतो. गर्दी होती, तरी त्या रांगेत नेहमी असते तशी शांतता होती. सगळे जमिनीकडं बघत बसलेले, नंबर पुकारला की एकेक जण उठून आवाज न करता आत जाणारा. दार ढकलून एक माणूस आला. त्याची आणि बांधणीवाल्याची नजरानजर झाली. मला नंतर कळलं, तो त्याच्याच गावचा, बिद्रीकडचा, साखर कारखान्यात कामाला असलेला. माणसाचा चेहरा पांढरा पडला. तो तसाच उलटा फिरला, हात दाराच्या मुठीवर.

बांधणीवाला उठून उभा राहिला. इतकी वर्षं ज्या आवाजात तो कधी बोलला नसेल, अशा खणखणीत आवाजात म्हणाला, "ओ पावणं, कुठं निघालासा? हितं या की. जागा हाय."

सगळ्या रांगेनं मान वर केली. तो माणूस दारात किती वेळ उभा होता, सांगता येत नाही. त्याची पाठ आमच्याकडं होती. मग तो वळला, आला, आणि आमच्या दोघांच्या मधे, बाकाच्या अगदी कडेवर टेकला. आत एक नंबर पुकारला गेला, मग दुसरा.

"डॉक्टर आल्यात काय?" त्यानं खाली बघतच विचारलं.

"आल्यात," मी म्हणाले आणि त्याला नीट बसता यावं म्हणून थोडी सरकले.